तीन नंबरची टाकी

१

सोमवारी सकाळी भंगारवाल्याच्या माणसांनी जुन्या गाळबोटीच्या तीन नंबरच्या टाकीचं झाकण उघडलं, आणि आत गुलाम रसूल सापडला.

त्याआधीचे दोन दिवस सगळं माळेवाडी त्याला नदीत शोधत होतं. शुक्रवारी दुपारपासून तो कुणाच्या नजरेस पडला नव्हता. संध्याकाळी बोटीवरच्या केबिनीत त्याच्या चपला सापडल्या, आणि म्हातारा पाण्यात गेला असंच सगळ्यांनी धरलं. भोयांनी जाळी ओढली. धर्माबादहून पट्टीचे पोहणारे आले. त्याची बायको रईसा काठावर चादर टाकून बसली, ती घरी गेलीच नाही. आणि ज्याला शोधत होते तो तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, काठाला बांधलेल्या बोटीच्या पोटात पडून होता.

माळेवाडीच्या बंधाऱ्यात गोदावरी दरवर्षी गाळ आणून टाकते. तो उपसण्यासाठी खात्यानं फार वर्षांपूर्वी ही बोट आणली होती. लोखंडाच्या मोठ्या बंद टाक्या एकमेकींना जोडून तरंगता फलाट केलेला, त्यावर इंजिन, पुढं गाळ खणणारं दातेरी चाक आणि मागं गाळ काठावर फेकणारा लांबलचक पाइप. गुलाम रसूल ऐन तारुण्यात या बोटीवर चढला आणि तिचा चालक म्हणूनच म्हातारा झाला. आता बोट थकली होती. तिच्या शेजारीच काठावर नवी गाळबोट उभी राहत होती. नांदेडच्या कारखान्यात कापलेले पत्रे ट्रकनं येत, आणि इथं माळावर त्यांची जुळणी होई. नवी पाण्यात उतरायची, तर जुनीनं जागा सोडायला हवी होती. म्हणून तिला कापून भंगारात काढायचं ठरलं होतं.

झाकण उघडणाऱ्या माणसानं आत डोकं घातलं, गमबूट पाहिला आणि मागं सरकून मटकन खाली बसला. त्याला चक्कर आली. मढं बघून घाबरला असेल, असं म्हणून लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. मग टाकीचं दुसऱ्या टोकाचं झाकणही उघडलं, पोलिसांना फोन केला, आणि तेव्हा कुठं एकाच्या लक्षात आलं.

झाकणाचे सगळे नट बाहेरून आवळलेले होते.

२

सहायक पोलीस निरीक्षक शिवकन्या बेळकोणे आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. दोन्ही झाकणं उघडी असल्यानं टाकीतून वारा खेळत होता. हवालदार मलप्पा शिडीनं आत उतरला, सगळं बघून वर आला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, खूनच हाय हा. माणूस आत घातला आन् वरून झाकण लावलं. दुसरं काय?"

शिवकन्या स्वतः उतरल्या. टाकी एखाद्या खोलीएवढी होती. भिंतींना गंजाचे पापुद्रे सुटले होते, तळाला काळपट ओल होती. गुलाम रसूल शिडीच्या पायथ्याशीच कुशीवर पडला होता. त्याची बॅटरी अंगाखाली होती, बटण चालू, सेल संपलेले. शेजारी एक बादली, आणि तिच्यात फाडलेल्या जुन्या कापडांच्या चिंध्या. बादली कोरडी, चिंध्याही कोऱ्या. अंगावर मार नव्हता. सदऱ्याच्या खिशात एक मोठा पाना होता.

त्या पान्याकडं शिवकन्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बॅटरी मागवून झाकणाची आतली बाजू आणि वरचा पत्रा न्याहाळला. गंज जसाच्या तसा होता. कुठं ठोकल्याची खूण नाही, ओरखडा नाही.

"मलप्पा, तुला कुणी अशा टाकीत कोंडलं तर तू काय करशील?"

"बोंब मारीन, मॅडम. लाथा घालीन."

"आणि खिशात लोखंडी पाना असला तर?"

मलप्पा झाकणाकडं बघू लागला.

त्याच दिवशी दुपार कलताना डॉक्टरांचा फोन आला. पोटात, फुप्फुसात पाणी नाही, जखम नाही, विषाची चिन्हं नाहीत. श्वास कोंडून मृत्यू. मेला तो शुक्रवारी दुपारीच, जेवणाच्या आधी. "पुढचं तुम्ही शोधा," डॉक्टर म्हणाले.

बंधाऱ्यावर ज्यानं त्यानं आपापल्या परीनं शोधून ठेवलं होतंच. गुरुवारी संध्याकाळी गुलाम रसूलचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते झालं होतं घरच्याच माणसाशी.

३

"माझ्या कानानं ऐकलंय, मॅडम." श्रीमंत हा लातूरचा भंगाराचा ठेकेदार. जाडजूड, बोलका, आणि बोलताना सारखा बोटीकडं बघणारा. "म्हातारा भाच्याला म्हणाला, 'तिला गॅस लावू नको. लावलास तर मेलास!' अस्सं म्हणाला. बोटीत जीव अडकला होता त्याचा. आम्हाला हातच लावू देत न्हवता."

"भाचा म्हणजे मुज्तबा?"

"हाव. वेल्डर. नव्या बोटीचं वेल्डिंग त्याचंच, आन् जुनी गॅसनं कापायलाही मी त्यालाच धरलं. हात लई साफ हाय पोराचा. त्याचाच राग आला म्हाताऱ्याला."

"शुक्रवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"रोडच्या ढाब्यावर, माझ्या माणसांसंगं. सगळा काठ मोकळा होता तेव्हा. मुसलमान पोरं जुम्म्याला गेलती, बाकीचे जेवायला." श्रीमंतनं आपले काळे झालेले हात पुढं केले. "ही असली बोट आलीय आमच्या माथी. आज सकाळी झाकण काढताना पाना निसटून माझ्या माणसाचा अंगठा चेंबला. ग्रीस तरी किती थापावं माणसानं! मोडीत निघालेल्या बोटीला लोण्यासारखं ग्रीस."

मुज्तबा नव्या बोटीच्या सावलीत एकटाच बसला होता. तिशीचा, सडपातळ. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे कायमचे लालसर झालेले, आज ते जास्तच लाल होते. आई-बाप लहानपणीच गेले, गुलाम रसूल आणि रईसानं त्याला वाढवलं. त्यांना मूल नव्हतं.

"मामूंनी तुला धमकी दिली?"

"दिली." मुज्तबा मान वर न करता म्हणाला. "मला लई लागलं ते. मी म्हणलं, मामू, मी न्हाई कापली तर दुसरा कापल. तुमची बोट मेली, आता नवीचं बघा. त्यांनी माझं मनगट धरलं. कायतरी सांगून राहिलते. मी हात सोडवला आन् निघून गेलो."

"काय सांगत होते?"

"ऐकलंच न्हाई ना, मॅडम."

"शुक्रवारी?"

"मशिदीत होतो. चाळीस माणसांनी बघितलंय मला." त्यानं डोळे चोळले. "मामू आले नव्हते. जुम्मा कधी चुकवत न्हाईत ते. मला वाटलं, माझं तोंड बघायचं न्हाई म्हणून आले नसतील. नमाज झाल्यावर मीही त्यांना बघाय गेलो न्हाई."

शिवकन्यांनी त्याला तिथंच सोडलं.

बोटीवर कायम राबणारी माणसं दोनच. एक गुलाम रसूल आणि दुसरा व्यंकटी. व्यंकटी मूळचा तेलंगणाच्या बाजूचा. दोरखंड, नट, इंजिनाचं तेलपाणी सगळं तोच बघायचा. गुलाम रसूलला तो 'उस्ताद' म्हणायचा. दोन दिवस नदीत सगळ्यात जास्त वेळ बुड्या मारल्या त्या त्यानं. आता तो काठावर उकिडवा बसून होता, डोळे खोल गेलेले.

"दुपारी घरी जेवाय गेलतो. जेवून माघारी आलो. उस्ताद दिसले न्हाईत," तो म्हणाला. "मशिदीत असतील म्हणलं."

"बोटीवर काही वेगळं दिसलं?"

"न्हाई." त्यानं मान हलवली, आणि हलवतच राहिला. "न्हाई, न्हाई."

४

रईसाच्या घरात बायका भरल्या होत्या. शिवकन्या आत गेल्या तशा त्या उठून बाजूला झाल्या. रईसा भिंतीला टेकून बसली होती. रडणं संपून गेलेलं.

"चाची, शुक्रवारी सकाळी ते कसे होते?"

"रोजच्यासारखे, बेटा. च्या घेतला. मला म्हणाले, जुने कपडे दे. मी माझी दोन लुगडी दिली, त्यांची एक लुंगी दिली. बसून टराटरा फाडली. मी म्हणलं, अजून नेसली असती मी. तर म्हणाले, आज कामाला येतील." तिनं डोळ्यांवर पदर धरला. "मला वाटलं, जायच्या आधी बोट पुसून घेतील. पोरीची पाठवणी करतात तशी."

"मुज्तबाशी भांडण झालं होतं?"

"झालं होतं. रात्री जेवले न्हाईत. म्हणाले, पोरगं ऐकत न्हाई, उद्या मीच बघतो."

"काय बघतो?"

"ते न्हाई सांगितलं. कामाचं घरी बोलायचे न्हाईत." मग तिनं शिवकन्यांचा हात धरला. "बेटा, एवढं सांग. त्यांना लई वेळ लागला का?"

या प्रश्नाला शिवकन्यांकडं अजून उत्तर नव्हतं. सापडलं की सांगीन, एवढं बोलून त्या बाहेर पडल्या.

नव्या बोटीचं काम बघणारा इंजिनिअर अमरेश पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. उदगीरकडचा, हुशार, नोकरीत नवा. बंधाऱ्याचं पाणी उतरायच्या आत बोट तरंगायला हवी, म्हणून वरून त्याच्यामागं सारखा तगादा होता. त्याचा चेहरा ओढलेला होता, पण उत्तरं चोख होती. शुक्रवारी दुपारी तो शेडमध्येच फोनवर बोलत होता, आणि ते खरंही निघालं.

"त्यांचं माझं काही वाईट नव्हतं," तो म्हणाला. "नव्या बोटीबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. उलट चालवायला पहिल्यांदा मुज्तबाला शिकवा, असं मला म्हणायचे."

"मग टाकीत ते कशाला उतरले असतील? सोबत बादली नेलीय, चिंध्या नेल्यात."

"तेल पुसायला उतरले असतील," अमरेश म्हणाला.

शिवकन्यांनी मान वर केली. बाहेर पत्र्यावर कुणीतरी हातोडा घालत होतं.

"बादली कोरडी होती," शिवकन्या म्हणाल्या. "चिंध्यांना डाग नव्हता. तळाला ओल आहे, ती पाण्याची की कशाची हे मलाही माहीत नाही. तेलाचं नाव या बंधाऱ्यावर आतापर्यंत कुणी काढलेलं नाही. तुम्हाला कसं माहीत?"

अमरेशच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

५

त्यानं लपवण्याचा प्रयत्न केला नाही. कदाचित त्यालाच ते कुणाजवळ तरी बोलायचं होतं.

"गुरुवारी सकाळी आले होते ते माझ्याकडं. म्हणाले, साहेब, तीन नंबरच्या टाकीतून पूर्वी तेलाचा पाइप जायचा. तो आत फुटला होता. तेव्हा पाइप बाहेरून घेतला आणि टाकी कायमची बंद केली. तळाला तेल आहे. तिला गॅस लावला तर भडका उडेल, पोरगं जळून मरेल. आधी टाकी साफ करा." अमरेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी म्हटलं, बघतो. नवीचे पत्रे यायचे होते, ट्रक अडकला होता. मी बघतो म्हटलं आणि विसरलो, मॅडम. आणि ते बेपत्ता झाल्यावर... आज सकाळी कापायला मीच परवानगी दिली. तेव्हाही मला आठवलं नाही. त्यांना बाहेर काढलं तेव्हा आठवलं."

शिवकन्या त्याला रागावल्या नाहीत. रागावण्याचं काम पुढं खातं करणारच होतं. त्या उठून बाहेर आल्या आणि नदीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

'तिला गॅस लावू नको. लावलास तर मेलास.' सगळ्यांनी ऐकलेलं ते वाक्य धमकीचं नव्हतंच. म्हातारा पोराचं मनगट धरून सांगत होता की बाबा, मरशील. पोरानं ऐकलं नाही, इंजिनिअर विसरला, म्हणून म्हातारा बायकोची लुगडी फाडून स्वतः उतरला. काठ मोकळा असेल अशी वेळ त्यानं धरली, कारण बोट आता भंगारवाल्याच्या ताब्यात होती, एरवी श्रीमंतच्या माणसांनी त्याला झाकणाला हात लावू दिला नसता.

म्हणजे तो आपल्या पायानं आत गेला होता. मग झाकण कुणी लावलं?

"मलप्पा, ते काढलेले नट-बोल्ट आण."

मलप्पानं पोतं आणून ओतलं. शिवकन्या खाली बसून एकेक उचलून बघू लागल्या. प्रत्येक बोल्टच्या आट्यांत ताजं, पिवळं ग्रीस होतं. झाकणाखालची रबरी पट्टी पुसून नीट बसवलेली होती. एकही नट कमी नव्हता.

"आत माणूस कोंडायचा असता तर तू किती नट लावले असते?"

"दोन-तीन, मॅडम. आन् पळालो असतो."

"यानं सगळे लावलेत. आधी पुसले, ग्रीस लावलं, पट्टी साफ केली आणि मग आवळले. कुणी बघेल याची भीती नाही, घाई नाही. मारणाऱ्याचं काम असं नसतं, मलप्पा. ज्याला आत माणूस आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यानं हे केलंय. आणि जी बोट चार दिवसांत भंगारात जाणार तिच्या नटांना ग्रीस लावल्याशिवाय ज्याचा हात पुढं सरकत नाही, असा माणूस."

मलप्पा हळूहळू मागं वळला आणि काठावर उकिडव्या बसलेल्या माणसाकडं बघू लागला.

तिथं आता कुणी नव्हतं.

६

व्यंकटी पळून गेला नव्हता. तो जुन्या बोटीवर, तीन नंबरच्या उघड्या झाकणाशी जाऊन बसला होता. शिवकन्या फळीवरून बोटीवर चढल्या, तसे त्यानं दोन्ही हात पुढं केले, बेड्यांसाठी.

"मीच मारलं उस्तादला," तो म्हणाला. "घेऊन चला."

"आधी काय झालं ते सांग."

"जेवून आलो. वारं सुटलतं, लाटा वर येऊन राहिलत्या. बघतो तर झाकण सताड उघडं. मला वाटलं, भंगारवाल्याच्या पोरांनी टाकलं उघडं. लई राग आला. उस्तादनं पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली, झाकण उघडं राहिलं की बोट बुडती. मी हाक मारली, उस्ताद! उस्ताद! ओ आली न्हाई. म्हणलं, मशिदीत गेलेत. डब्यातलं ग्रीस घेतलं आन् झाकण लावलं." त्यानं उघड्या टाकीकडं बोट केलं. "आत न्हाई बघितलं. नुसतं वाकून बघितलं असतं तर..."

"कधी कळलं तुला?"

"संध्याकाळी. केबिनीत चपला होत्या, पण गमबूट न्हवते. पाण्यात जाणारा माणूस गमबूट कशाला घालतो? मला त्याच वेळेला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं. मी बुड्या मारत राहिलो. म्हणलं, नदीत सापडू देत. देवा, नदीत सापडू देत."

शिवकन्या त्याच्या शेजारी लोखंडावर बसल्या. त्या मुखेड तालुक्यातल्या. त्यांच्या लहानपणी गावात ज्वारी ठेवायला जमिनीत खोदलेली पेवं होती. एका वर्षी धाकटा चुलता पेवात उतरला आणि उतरल्या जागीच कोसळला. वर दोर धरून त्यांचे वडील उभे होते. दोर धरलेल्या त्या माणसाला पुढच्या आयुष्यात कधी गाढ झोप लागली नाही. पेव उघडल्यावर आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. त्या दिवशी घाई होती, एवढंच.

"अमरेश," त्यांनी काठावर उभ्या इंजिनिअरला विचारलं, "चार नंबरची टाकीही तेव्हापासून बंद आहे का? तिच्यात तेल नाही ना?"

"नाही मॅडम. तिच्यातून पाइप कधीच नव्हता. पण बंद आहे, तिसरीसारखीच."

"उघडा. बाकी सगळे लांब व्हा. आणि एक कंदील आणा, दोरीला बांधून."

श्रीमंतच्या माणसांनी नट सोडले. झाकण बाजूला सरकताच आतून जुन्या लोखंडाचा ओलसर वास आला. शिवकन्यांनी पेटलेला कंदील हळूहळू आत सोडला. व्यंकटी, मुज्तबा, अमरेश, मलप्पा, सगळे मान लांब करून बघत होते. कंदील हातभर खाली गेला, ज्योत आक्रसली. आणखी थोडा गेला, ती निळी झाली. मग विझली. वारा नव्हता, धक्का नव्हता. काचेत फक्त धुराची एक रेघ राहिली.

"गंज लोखंड खातो, तसा हवाही खातो," शिवकन्या म्हणाल्या. "टाकी वर्षानुवर्षं बंद राहिली तर आत जगण्याजोगी हवाच उरत नाही. सकाळी झाकण उघडणाऱ्याला चक्कर आली ती भीतीनं नाही. उस्ताद शिडी उतरले, दोन श्वास घेतले आणि पडले. बॅटरीचं बटण बंद करायलाही वेळ मिळाला नाही. खिशात पाना होता, तो काढला नाही, पत्रा ठोकला नाही. टाकी एवढी मोठी, आत चांगली हवा असती तर झाकण लावल्यावरही माणूस कितीतरी वेळ जगला असता, बोंबलला असता. डॉक्टर म्हणतात, जेवणाच्या आधीच गेले. तू आलास जेवून. तू झाकण लावलंस व्यंकटी, पण माणूस त्याआधीच गेलेला होता. तू वाकून बघितलं असतंस तर त्यांना काढायला आत उतरला असतास, आणि आज त्या टाकीतून दोन मढी निघाली असती."

मुज्तबा तिथंच, बोटीच्या कडेला खाली बसला. आपण ज्याला धमकी समजलो ते काय होतं, हे अमरेशकडून त्याला तासाभरापूर्वी कळलं होतं. त्यानं आपलं मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलं आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला.

व्यंकटी विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिला. सुटका झालेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

"मॅडम, मारलं न्हाई म्हणता, तर न्हाई मारलं," तो अखेर म्हणाला. "पण भाभीला दोन दिवस काठावर बसवलं. ते तर मीच केलं ना?"

७

"भाभीला तुम्ही सांगा," असं व्यंकटी वाटेत सारखा म्हणत होता. शिवकन्यांनी ऐकलं नाही. त्या दारापर्यंत सोबत गेल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

आधी त्यांनी स्वतःकडचं उत्तर दिलं. "वेळ लागला नाही, चाची. कळलंसुद्धा नसेल. आणि ते बोटीपायी गेले नाहीत. मुज्तबा जळू नये म्हणून उतरले होते."

रईसानं मान हलवली. तिला याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

मग व्यंकटीनं सगळं सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण काहीही न गाळता. घरातल्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या. त्याचं बोलणं संपल्यावर रईसानं वर बघितलं.

"दोन दिवस मी पाण्याकडं बघत होते, व्यंकटी," ती म्हणाली. "माशांनी खाल्लं असेल का, डोळे असतील का, तोंड ओळखू येईल का, एवढंच मनात. तू पाण्यातून वर यायचास, मान हलवायचास. मी तुला म्हणायचे, भाऊ, जरा दम घे, तू मरशील. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हाव, भाभी."

"जा आता," रईसा म्हणाली. "आज जा."

तो गेला. शिवकन्यांनी कागदावर अपघात लिहिला. अमरेशचं विसरणं खात्याला कळवलं. शिक्षा म्हणून त्याची बदली झाली, पण त्यानं वरिष्ठांच्या हातापाया पडून बोट पाण्यात उतरेपर्यंत थांबायची परवानगी मागून घेतली. जुन्या बोटीच्या सगळ्या टाक्या आठवडाभर उघड्या ठेवल्या, धुतल्या, आणि मगच कापल्या. मुज्तबानं त्यातली एकही कापली नाही. ते काम दुसऱ्यानं केलं.

नवी गाळबोट पाण्यात उतरली त्या दिवशी काठावर गर्दी होती. शिवकन्या बंदोबस्ताला आल्या होत्या. नारळ फुटला, फातेहा पढला, कुणीतरी भाषण केलं. मुज्तबा चालकाच्या जागी बसला. त्यानं इंजिन चालू केलं.

रईसा गर्दीपासून दूर, बाभळीखाली चादर टाकून बसली होती. तिला आणायला मुज्तबा स्वतः गेला होता. ती येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं.

थोड्या वेळानं शिवकन्यांना व्यंकटी दिसला. तो नोकरी सोडून धर्माबादला लेकीकडं राहायला गेला होता. या दिवसांत निम्मा झाला होता. तो बाभळीपासून बऱ्याच अंतरावर, उन्हात उभा राहिला. ना पुढं येई, ना माघारी जाई. रईसाचं त्याच्याकडं लक्ष गेलं. तिनं तोंड फिरवलं आणि ती नदीकडं बघू लागली.

नव्या बोटीचं दातेरी चाक पाण्यात बुडालं. इंजिनाचा आवाज जड झाला. लांब पाइपच्या तोंडातून आधी नुसती हवा सुटली, मग गढूळ पाणी, आणि मग काळा, दाट गाळ धबधब्यासारखा काठावर कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुज्तबानं मागं वळून बघितलं नाही. तो खाली वाकून चाकाचा अंदाज घेत होता.

गाळ कोसळत राहिला. टाळ्या थांबल्या, माणसं पांगू लागली. व्यंकटी अजून उन्हातच होता.

रईसानं त्याच्याकडं न बघता चादरीचा एक कोपरा हातानं सरळ केला आणि स्वतः जराशी सरकली.

"बस," ती म्हणाली.

व्यंकटी आला आणि चादरीच्या अगदी कडेला, अर्धा मातीत बसला. बोट काम करत होती, ते दोघं बघत बसले.